पाण्याचा उंबरा : नॅरोबोटीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातून नॅरोबोटीने, म्हणजे कॅनॉलवरच्या लांबट, अरुंद, राहायच्या नावेने, केलेल्या आठ दिवसांच्या प्रवासाबद्दल दोन पानं लिहिली होती. लेक, जावई, बारा वर्षांचा नातू, आमच्या सौ. आणि मी असे पाच जण होतो. घटप्रभेच्या डाव्या कालव्यावर ३२ वर्षं गेज वाचण्यात आणि दारं वर-खाली करण्यात गेलेल्या माणसाला पहिल्यांदाच कॅनॉलवर राहायला मिळालं, हा त्या लेखाचा सारांश. पत्रं अपेक्षेपेक्षा जास्त आली. जमतील तेवढी इथं घेतो. एकाच विषयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

चिकोडी तालुक्यातले एक शेतकरी लिहितात : मामा, नाव पायऱ्या चढली म्हणून तुम्ही लिहिलंय. पाणी तर उताराकडंच जातंय. पंप नाही, मोटर नाही, मग पंधरा-वीस टनांची नाव वर गेली कशी? पोराला वाचून दाखवलं तर ते हसायलंय.

मुलाला हसू द्या, पण पुढचं वाचून दाखवा. तुमच्या विहिरीच्या पायऱ्या काढून टाका आणि ती लांबट करा, सत्तर-बहात्तर फूट लांब आणि फक्त सात फूट रुंद. दोन्ही टोकांना जाड लाकडी दारं बसवा. एका दारापलीकडे खालच्या पातळीचा कॅनॉल, दुसऱ्यापलीकडे वरच्या. याला लॉक म्हणतात. खालून आलेली नाव आत घ्यायची आणि मागचं दार लावायचं. मग वरच्या बाजूच्या झडपा किल्लीने उचलायच्या. वरचं पाणी आपल्या वजनानं आत येतं, पेटी भरते आणि नाव त्या पाण्यावर तरंगत वर येते. पाणी उताराकडेच गेलं, तुमचं म्हणणं खरंच आहे. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की वरचं दार एका माणसाच्या पाठीच्या रेट्यानं उघडतं. चार बोटांचा फरक असला तर चौघांनी जोर लावूनही ते हलत नाही. आमच्या नातवानं तीन वेळा प्रयत्न केला. चौथ्या वेळी तो दाराच्या दांड्यावर बसून पाण्याकडे बघत राहिला आणि दार आपण होऊन किंचित हललं तेव्हा उठला. मी मनात म्हटलं, हा पोरगा आमच्या खात्यात असता तर चांगला पाटकरी, म्हणजे कॅनॉलचं पाणी सोडणारा माणूस, झाला असता.

किल्ली म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखा लोखंडी दांडा. त्याला विंडलास म्हणतात. बर्मिंगहॅमच्या लॉकना शिवाय एक छोटी किल्ली लागते, कारण कुणी रात्री गंमत म्हणून झडपा उघडून कॅनॉल रिकामा करू नये म्हणून तिथं कुलुपं बसवली आहेत. दोन्ही किल्ल्या बोटयार्डातून मागून घ्या आणि कमरेला बांधा. पाण्यात पडली तर गाळातून काढणं अवघड.

आता जे लेखात लिहायचं राहिलं ते सांगतो, कारण ते लिहायलाच हवं होतं. वरच्या दाराच्या पायाशी, आतल्या बाजूला, दगडाचा एक उंबरा असतो. लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही. खाली उतरताना पाणी कमी होतं तसा तो उघडा पडतो. नावेचं मागचं टोक त्या उंबऱ्यावर राहिलं तर पुढचं टोक पाण्याबरोबर खाली जातं आणि मागचं वर अडकतं. नाव अशी मिनिट-दोन मिनिटांत बुडते. लॉकच्या भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते, सुकाणूवरच्या माणसानं नाव त्या रेघेच्या पुढे ठेवायची.

फार्मर्स ब्रिज म्हणून शहराच्या अगदी मध्यात १३ लॉकची उतरंड आहे. तिथल्या सहाव्या की सातव्या लॉकमध्ये जावई सुकाणूवर होते आणि मी खालच्या दाराच्या झडपा उचलल्या होत्या. माझे डोळे बाहेर पडणाऱ्या पाण्यावर. ३२ वर्षांची सवय, पाणी किती जोरानं जातंय तेच बघायचं. नाव हळूहळू मागे सरकली होती. नातू काठावरून ओरडला, "आजोबा, मागचं टोक वर राहिलंय!" मी झडपा सोडून दिल्या, दोन्ही बंद झाल्या. लेकीनं वर धावत जाऊन वरची झडप थोडी उघडली, पाणी परत चढलं आणि नाव सरळ झाली. कुणाला काही लागलं नाही. आतमध्ये आमच्या सौ. चहा करत होत्या. ती चूक माझी होती. त्यानंतर प्रत्येक लॉकमध्ये नातवाचं काम एकच ठरलं : मागच्या टोकाकडे बघत उभं राहायचं आणि "रेघेच्या पुढं हाय" असं मोठ्यानं सांगत राहायचं. तुम्ही गेलात तर हे काम एकाला नेमून द्या. अडकलंच तर आधी खालच्या झडपा बंद, मग वरून पाणी.

आणखी एक हिशेब मुलाला करायला द्या. बहात्तर फूट लांबी, सात फूट रुंदी, सहा फूट उतार. तीन हजार घनफूट झाले, म्हणजे साधारण ८५ हजार लिटर. एक नाव एका लॉकमधून गेली की एवढं पाणी डोंगरावरून खाली जातं. अथणीकडच्या गावांना उन्हाळ्यात येतात तसले सात-आठ टँकर. म्हणून समोरून नाव येताना दिसली आणि लॉक तिच्या बाजूचं असलं तर थांबायचं, तिला आधी येऊ द्यायचं. तिच्यासाठी भरलेलं पाणी आपल्याला उपयोगी पडतं. हे मला तिथं कुणी शिकवावं लागलं नाही.

वरचं पाणी संपतं तेव्हा काय, असं तुम्ही पुढे विचाराल. बर्मिंगहॅमवाल्यांनाही तीच चिंता होती. स्मेथविकच्या चढावर १७७९ साली बोल्टन आणि वॅट यांच्या कारखान्यातलं वाफेचं इंजिन बसवलं गेलं. खाली गेलेलं पाणी ते परत वर टाकत असे. ते इंजिन आज बर्मिंगहॅमच्या विज्ञान संग्रहालयात आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. तेव्हा तुम्ही विचारलेली मोटर अगदीच नव्हती असं नाही, पण ती पाण्यासाठी होती, नावेसाठी नव्हे.

निपाणीच्या एक शिक्षिका : काका, माझा भाऊ बर्मिंगहॅमला असतो. येत्या उन्हाळ्यात सासूबाईंना घेऊन जायचा विचार आहे. त्या ७१ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास. आमच्यात पोहायला कुणालाच येत नाही. हा प्रवास आम्ही करावा का?

ताई, करा. पण वरचे १३ लॉक तुम्ही करू नका, तुमच्यासाठी वेगळा मार्ग आहे. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला आल्व्हचर्च नावाचं गाव आहे. तिथून वूस्टर-बर्मिंगहॅम कॅनॉलनं शहराच्या मधोमध, गॅस स्ट्रीट बेसिनपर्यंत (बेसिन म्हणजे नावा थांबायचं रुंद कुंड) साधारण पाच तासांत पोचता येतं आणि वाटेत एकही लॉक नाही. त्याच कॅनॉलला दक्षिणेकडे वूस्टरपर्यंत ५८ लॉक आहेत, म्हणून वळायची दिशा चुकवू नका!

नावेबद्दल. रुंदी ६ फूट १० इंच, कारण लॉक सात फुटांचं. आत गेलं की निपाणीच्या जुन्या वाड्यातल्या बोळासारखं वाटतं. एका रेषेत सगळं : बसायची जागा, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणी, संडास, झोपायच्या खाटा. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं आडवं व्हावं लागतं. दोन्ही टोकांना तीन-तीन पायऱ्या, उंच आणि अरुंद. सासूबाईंसाठी त्रासाची जागा तीच. आमच्या सौ.नी पहिल्याच दिवशी उपाय काढला, पायऱ्या उतरताना शिडीसारखं तोंड आतल्या बाजूला करून उतरायचं. दिवसातून दोनदाच उतरायचं, एरवी पुढच्या टोकाला खुर्ची टाकून बसायचं. इंजिन मागे असतं, त्यामुळे पुढे आवाज जवळजवळ येत नाही. पाण्याची नुसती चुळबुळ.

कॅनॉल बहुतेक ठिकाणी तीन-चार फूटच खोल असतो. पडलं तर उभं राहता येतं. लॉकमध्ये आणि नावेच्या मागच्या पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) मात्र हे लागू नाही. लाइफ जॅकेट बोटयार्डातून मिळतं, पोहता न येणाऱ्यानं बाहेर असताना ते काढायचंच नाही. नाव आणि काठ यांच्या मध्ये पाय किंवा हात घालू नका. नाव माणसाच्या चालीनं जाते म्हणून ती थांबवता येईल असं वाटतं. पंधरा टन आहेत ते, पायानं थांबत नाहीत.

वाटेत वास्ट हिल्सचा बोगदा लागेल, जवळजवळ अडीच किलोमीटर. आत अंधार आणि छतातून ठिबक. समोरून दुसरी नाव येऊ शकते, दोघींना जागा पुरते, पण वेग कमी करावा लागतो. सासूबाईंना आधी सांगून ठेवा आणि डोक्यावर काहीतरी घेऊन बसवा. आमच्या सौ.नी तिथं रामरक्षा म्हटली. ती दोनदा म्हणून झाली आणि तरी पलीकडचा उजेड बटणाएवढाच होता.

येळ्ळूरचे एक वाचक : अडीचशे वर्षांपूर्वी सिमेंट नव्हतं. मग हे कॅनॉल गळत कसे नव्हते?

तुम्ही बासमती लावता, म्हणजे उत्तर तुमच्या पायाला माहीत आहे. चिखलणी. जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरनं कॅनॉलच्या तळाला आणि बाजूंना चिकणमाती ओली करून, तुडवून, थरावर थर बसवली. काही ठिकाणी त्यावरून जनावरं चालवत. तुडवलेल्या मातीतून पाणी झिरपत नाही, तुमच्या वाफ्यात उभं राहतं तसं तिथंही उभं राहतं. अट एकच, ती माती कायम ओली राहिली पाहिजे. वाळून भेगा पडल्या की काम संपलं. म्हणून त्यांच्याकडे कॅनॉल रिकामा पडू देणं हा गुन्ह्यासारखाच प्रकार.

लायसन्स, व्हिसा, खर्च, हंगाम याबद्दल बेळगाव, संकेश्वर आणि गोकाकहून सात पत्रं आहेत. थोडक्यात : भाड्याची नाव चालवायला कसलंही लायसन्स लागत नाही. नेहमीचा पाहुण्यांचा व्हिसा चालतो. भाडं हंगामाप्रमाणे बदलतं, त्यामुळे आकडा इथं छापत नाही. शाळांच्या सुट्ट्या टाळल्या तर बरंच कमी पडतं. एप्रिल ते ऑक्टोबर जा. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी ठिकठिकाणी लॉक बंद ठेवतात. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, बांधलेल्या नावांजवळून जाताना त्याहून खूप हळू. नावा उजव्या बाजूनं चालतात, रस्त्यावरच्या उलट. सुकाणूचा दांडाही उलटा : तो डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे जाते. पहिल्या तासात सगळे चुकतात. दिवसाचं अंतर ठरवायचं असेल तर मैल आणि लॉक यांची बेरीज करा आणि तीननं भागा, साधारण तेवढे तास लागतात.

शहरात पंख्याला प्लास्टिक गुंडाळतं. नाव जड वाटू लागली, मागून काळा धूर आला, तर इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला आणि मगच मागच्या झाकणातून हात घाला. किल्ली खिशात, हे विसरू नका.

खानापूरहून निवृत्त मुख्याध्यापक लिहितात : तुमचा लेख आवडला, पण एक पटलं नाही. आमच्याकडे कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, जंगल आहे. इंग्लंडात जायचं तर हिरव्या खेड्यांतून जावं. शहरातलं काळं पाणी बघायला एवढ्या लांब कशाला?

सर, तुमचा प्रश्न मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. जंगल बघायचं तर खानापूर पुरे, हे मी मान्य करतो. पण कॅनॉल जंगलासाठी खणलाच नव्हता. कोळसा, लोखंड, चुनखडी आणि तयार माल वाहायला तो खणला. १७६९ साली ब्रिंडलीच्या कॅनॉलवरून पहिला कोळसा बर्मिंगहॅमला आला. त्याच्या पोटात शिरल्याशिवाय तो कळत नाही.

बोर्नव्हिलजवळ कॅनॉल कॅडबरीच्या कारखान्याला लागून जातो. ते १८७९ मध्ये शहरातून इथं आले. पुढे विद्यापीठ, मग एजबास्टनचा छोटा बोगदा, जेमतेम शंभर मीटरचा. बाहेर पडलात की दोन वळणांत काचेच्या इमारती आणि एकदम बेसिन. पुलांच्या कडेच्या लोखंडी पट्ट्यांवर खोल चरे आहेत. नावा घोडे ओढत, काठच्या पायवाटेवरून. ओल्या दोरावर कण चिकटत आणि तो दोर त्याच जागी घासत जाई, वर्षानुवर्षं. आपल्या जुन्या विहिरीच्या काठावर दोराचे चरे असतात, अगदी तसेच. मी त्यात बोट घालून बघितलं, पेरभर आत गेलं.

घोड्यामागे नाव आणि नावेत अख्खं कुटुंब. रेल्वे आल्यावर मालवाहतुकीचं भाडं पडलं, तेव्हा घरभाडं परवडेना म्हणून कितीतरी नावाड्यांनी बायकामुलं नावेवरच आणली. मागची खोली जेमतेम दहा फूट लांब. त्यात चूल, पलंग, कपाट आणि चार-पाच माणसं. त्या खोलीची दारं, पाण्याच्या बादल्या, सगळ्यावर गुलाबाची फुलं आणि किल्ले रंगवलेले. मुलं शाळेत जायची ती एखाद-दुसरा दिवस, नाव थांबेल तिथं. ऊसतोडीला जाणाऱ्या पालांतली मुलं मी हिडकल धरणाच्या रस्त्यावर दरवर्षी बघितली आहेत. तुम्हीही त्यांना वर्गात बसवलं असेल.

आणि आता ते, ज्यासाठी मी कुणालाही गॅस स्ट्रीटलाच जायला सांगेन. बेसिनच्या मधोमध एक बांध आहे, सात फूट रुंद. एका बाजूला बर्मिंगहॅम कंपनीचं पाणी, दुसऱ्या बाजूला वूस्टर कंपनीचं. दोन्ही कॅनॉल समोरासमोर येऊन थांबलेले. बर्मिंगहॅमवाल्यांना भीती होती की वूस्टरवाले आपलं पाणी नेतील, म्हणून त्यांनी जोडू दिलं नाही. वीस वर्षांच्या आसपास हमाल एका नावेतला माल पाठीवर घेऊन सात फूट चालत आणि दुसऱ्या नावेत टाकत. १८१५ मध्ये बांध फोडून तिथं लॉक घातलं, दारं लावली. आज दोन्हीकडची पातळी एकच आहे आणि दारं नुसती उघडी असतात. बाकीच्या बांधावर आता नावा बांधतात.

मी कृष्णा, घटप्रभा, दूधगंगा यांच्या पाण्याचे वाद बघत नोकरी केली. टेलच्या, म्हणजे कॅनॉलच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यानं वरच्याचा बांध रात्री फोडला म्हणून पंचनामे केले, मराठीत आणि कन्नडमध्ये. त्या सात फुटांवर उभा राहिलो तेव्हा नातवाला गोष्ट सांगत होतो, आणि मध्येच मला बोलवेना. सौ.नी पुढची सांगितली.

काळ्या पाण्याबद्दल म्हणाल, तर ते तुमचं म्हणणं एकेकाळी खरंच होतं. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कॅनॉल आठवडेच्या आठवडे गोठले आणि उरलीसुरली मालवाहतूक बसली. शहरानं पाठ फिरवली, इमारतींच्या मागच्या भिंती कॅनॉलकडे आणि कचराही तिकडेच. आज त्याच काठावर लोक जेवायला बसतात, बगळे उभे असतात. पाणी आरशासारखं नाही, कमी गढूळ आहे एवढंच. पण माणसं तोंड करून बसतात तिथं कचरा कमी पडतो, हे मी बघितलं. बेळगावात परतल्यावर येळ्ळूर रस्त्यावर बळ्ळारी नाल्याजवळ थांबलो होतो. त्याच्याकडे एकाही घराचं तोंड नाही.

तुमच्याकडे दोन दिवस जास्त असतील तर पश्चिमेला स्मेथविकपर्यंत जा, जाताना जुन्या लाइननं आणि येताना नव्या. ब्रिंडलीची जुनी लाइन टेकडीला वळसे घालत, लॉक चढत जाते. पुढे हमरस्ता तिच्या डोक्यावरून जातो आणि त्याचे काँक्रीटचे खांब थेट कॅनॉलच्या पाण्यात उभे आहेत. पन्नासेक वर्षांनी थॉमस टेलफोर्ड आला आणि त्यानं टेकडीच चिरली. सत्तर फूट खोल, हातानं खणलेली. त्या चिरेवरून १८२९ चा लोखंडी गॅल्टन पूल दीडशे फुटांच्या एका कमानीत जातो. वळसे गेल्यामुळे बर्मिंगहॅम ते वुल्व्हरहॅम्प्टन सात मैल कमी झाले. एका जागी तर जुना कॅनॉल नव्या कॅनॉलच्या डोक्यावरून पुलावरून जातो, शेजारी रेल्वे आणि सगळ्यांच्या वर हमरस्ता. आमचा नातू म्हणाला, "आजोबा, हे चार मजले." सर, एवढं दाखवायला मला एकही खेडं पुरलं नसतं.

रायबागहून एक तरुण : सर, आपल्याकडे हिडकलचे एवढे मोठे कॅनॉल आहेत. त्यात अशा नावा चालवून पर्यटन का करू नये? आम्ही चार मित्र मिळून अर्ज करणार आहोत. तुम्ही मार्गदर्शन करा.

करणार आहे, म्हणूनच नको म्हणतो. रागावू नका आणि पूर्ण वाचा.

बर्मिंगहॅमचा कॅनॉल सपाट आहे. दोन लॉकच्या मध्ये पाणी उभं असतं, वाटीत ठेवल्यासारखं. उतार सगळा लॉकमध्ये. आपला कॅनॉल नेमका उलट. त्याचं काम पाणी वाहून नेणं, म्हणून तळ पहिल्या फुटापासून उतरता. वाटेत फॉल आहेत, जिथं पाणी एकदम खाली पडतं. दारं आहेत, पुलाखालून जायला जागा नाही, आणि पाणी रोटेशननं येतं. आज आठ फूट, पंधरा दिवसांनी कोरडा. तुमची नाव बुधवारी तरंगेल आणि पुढच्या आठवड्यात चिखलात बसेल. तिच्यासाठी पाणी धरून ठेवायचं म्हटलं तर टेलच्या शेतकऱ्याचा ऊस वाळेल. तो अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी सही केली नसती.

आणि दुसरं कारण, जे मला जास्त जवळचं आहे. बर्मिंगहॅममध्ये पडलेला माणूस उभा राहतो, काठ धरतो. आपल्या कॅनॉलच्या बाजू तिरक्या आणि काँक्रीटच्या, त्यावर शेवाळ. आत गेलेल्याला हात लावायला काही नाही आणि पाणी ओढत नेतं. पट्टीचा पोहणाराही तिथं चढू शकत नाही. पाणी सोडलं की आमचा पाटकरी काठावरून "नीर बंतु! नीर बंतु!" म्हणत सायकलवरून जायचा. पाणी आलं, हे शेतकऱ्याला कळावं म्हणून. पण मी त्याला सांगून ठेवलं होतं की शाळेजवळ आधी ओरड. नोकरीत मी जी पोरं बाहेर काढताना बघितली, त्यांचे चेहरे मला आजही आठवतात. त्यात एकही पोहता न येणारा नव्हता.

तुम्हा चौघांना खरंच काही करायचं असेल तर तुमच्या गावाजवळच्या कॅनॉलच्या काठाला ठराविक अंतरावर साखळ्या आणि लोखंडी पायऱ्या बसवण्यासाठी अर्ज करा. मसुदा मी लिहून देतो, दोन्ही भाषांत. पत्र मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. आणि नाव चालवायची हौस असेल तर ती स्थिर पाण्यात, तलावात, लाइफ जॅकेट आणि परवानगी यांच्यासह.

बेळगाव, शहापूरच्या एक वाचक : भावोजी, खायचं काय करत होता? भाकरी करता येते का? आणि भाच्यासाठी कुंदा न्यायचा आहे, नावेत टिकेल ना?

वहिनी, भाकरी उत्तम होते. नावेतली शेगडी गॅसची असते, तवा मात्र आपला न्या, तिथल्या तव्यांना बूड पातळ. ज्वारीचं पीठ आम्हाला शहरातल्या गुजराती दुकानात मिळालं. एकच पथ्य पाळा : भाकरी थापताना नाव चालू ठेवू नका. दुसरी नाव शेजारून गेली की हेलकावा बसतो आणि तव्यावरचं पाणी सांडतं. खुंट्या ठोकून नाव बांधा, मग थापायला बसा. मागचा-पुढचा दोन्ही दोर बांधा, नुसता एक बांधला तर नाव आडवी होते.

कुंदा मात्र नेऊ नका. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. पेढे, खवा, तूप, सगळं त्यातच आलं. शेंगदाण्याची चटणी आणि गूळ न्या. भाच्याला कुंदा खायचाच असेल तर त्यालाच दिवाळीला इकडे बोलवा.